झड कोणी कापली?

ती घटना आठवली की आजही माझ्याच्याने खुर्चीत बसवत नाही. सांगता सांगता मी उठून उभा राहतो, हातवारे करायला लागतो आणि बायको म्हणते, "झालं, आता ह्यांचा मंगळवार सुरू!" नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून त्याच परिसरात राहतात. चुका झाल्या त्या सगळ्यांच्याच झाल्या, आणि त्यात पहिला नंबर माझा.

मी तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, मंगळवार, दुपारचे सव्वातीन. उकाडा असा की गणवेश अंगाला चिकटलेला. मी प्रलंबित गुन्ह्यांची यादी काढून बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार फोन हातात धरूनच धावत आत आले.

"साहेब, वाडीतल्या वृद्धाश्रमाला आग लागलीय!"

मी टोपीसुद्धा घेतली नाही. तो वृद्धाश्रम मला माहीत होता. ज्येष्ठ नागरिकांची विचारपूस करायला आम्ही अधूनमधून तिथे जायचो. नारळी-पोफळीच्या वाडीत एक लांबट बैठी इमारत. पुढे पाच पायऱ्या. मागे पडवी आणि पडवीतून अंगणात उतरणारा सिमेंटचा रॅम्प. राहणारी माणसं अकरा. त्यातल्या तिघी अंथरुणाला खिळलेल्या, पाच जण चाकाच्या खुर्चीवर, उरलेले तिघं काठीच्या नाहीतर वॉकरच्या आधाराने पाय ओढत चालणारे. दिवसा सांभाळायला दोन बायका. म्हणजे त्या इमारतीत धावू शकणारी माणसं फक्त दोन!

जीप वाडीच्या बोळात शिरली तेव्हा माडांच्या शेंड्यांवरून काळा धूर चढत होता. अग्निशमन दलाची गाडी तालुक्याहून निघाली होती, पण ती यायला वेळ होता. माझ्या डोक्यात एकच आकडा घुमत होता, अकरा. किती पंचनामे करायला लागणार, कोणाच्या मुलाला काय सांगायचं, हेच विचार. फाटकातून आत धावलो आणि जागच्या जागी थबकलो.

आंब्याखाली माणसं होती! चाकाच्या खुर्च्या एका रेषेत लावलेल्या, बाजूला काठीवाले, पुढ्यात गोधड्यांवर झोपलेल्या तिघी आज्या. प्रत्येकीच्या उशाला औषधांची पिशवी टाचलेली. एका खुर्चीवर गळ्यात शिट्टी अडकवलेले आजोबा. त्यांनी मला पाहिलं आणि करड्या आवाजात सांगितलं, "अकरा आणि दोन, तेरा. आत कोणी नाही. तुमच्या माणसांना आत पाठवू नका."

इन्स्पेक्टर मी आणि हुकूम त्यांचा! पण खरं सांगतो, त्या क्षणी त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. गळ्यातली ती शिट्टी मी पाहिली. पाहिली आणि सोडून दिली.

आग विझली तेव्हा इमारतीचा पुढचा भाग, दिवाणखाना, मुख्य दार, सगळ्याचा कोळसा झाला होता. मागचा भाग धुराने काळवंडलेला, पण उभा. व्यवस्थापक दुपारी बाजाराला गेले होते, ते धापा टाकत आले. गावातली शाळा सुट्टीमुळे रिकामी होती, तिथे सगळ्यांची सोय केली. कोणाला खरचटलंही नव्हतं. मी घरी जाऊन आनंदाने दोनदा जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आनंद उतरला.

सकाळी दहाला एक माणूस ठाण्यात आला. शेजारच्या वाडीत नारळ पाडायचं काम करणारा. बराच वेळ दारात घुटमळला, मग म्हणाला, "सायब, मी काल माडावर व्हतो. एक गोष्ट बघितली. सांगू का नको, रातभर झोप न्हाय."

"सांग ना."

"धूर नंतर निघाला, सायब. म्हातारी मानसं आधीच भायेर आली व्हती."

मी त्याला तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा तेच. सात-आठ जणं अंगणात आली, आणि मग पुढच्या बाजूने धूर दिसला. म्हणजे आग लागणार हे कोणाला तरी आधी माहीत होतं! मी ताडकन उठलो. पंचांना घेऊन पुन्हा जागेवर गेलो.

मागच्या अंगणात एक झड पडली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या किनाऱ्यावर पाऊस तोंडावर आला की घरोघरी आगोटीची तयारी सुरू होते. लाकूडफाटा कोरड्या जागी रचायचा, सुकी मासळी भरून ठेवायची आणि पश्चिमेकडून येणारा पावसाचा सपका अडवायला पडवीच्या उघड्या बाजूला नारळाच्या विणलेल्या झापांची भिंत बांधायची. तिलाच झड म्हणतात. वृद्धाश्रमाची पडवी पश्चिमेलाच होती. आता ती झड रॅम्पपासून दहा पावलांवर पडलेली, अखंड, कुठे जळाल्याची खूण नाही. सुतळ्या धारदार हत्याराने कापलेल्या. रॅम्पवर रचलेला लाकूडफाटा दोन्ही बाजूंना ढकलून दिलेला.

"ही झड कधी बांधली?" मी व्यवस्थापकांना विचारलं.

"कालच सकाळी. दोन गडी लावून बांधून घेतली." त्यांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, बोलू नये, पण आमची मावशी तेव्हा भांडली. सगळ्यांदेखत म्हणाली, ही मी तोडून टाकीन. आणि मला सांगा, दोन बायका अकरा माणसं पाच मिनिटांत बाहेर काढतील? त्यातल्या तिघींना तर कूसही बदलता येत नाही. आधीपासून ठरवलेलं असल्याशिवाय हे जमेल का?"

मावशी म्हणजे तिथली जुनी सेविका. तळा तालुक्यातल्या एका खेड्यातली, चाळिशीची, किडकिडीत बाई. तिला नोटीस देऊन दिवसाउजेडी बोलावलं, महिला अंमलदार शेजारी बसवली. तिच्या उजव्या हातावर भाजल्याचा ताजा फोड होता. तो मी लगेच कागदावर घेतला.

"झड कोणी कापली?"

"मी."

"कशाने?"

"कोयत्यानं."

"आग लागायच्या आधी की नंतर?"

"आधी."

मी पेन खाली ठेवलं. इतक्या सरळ कबुलीची मला सवय नव्हती. "का कापली?"

गप्प.

"माणसं आधीच बाहेर का काढली?"

गप्प.

"आग तुम्ही लावली?"

आता तिने मान वर केली. "न्हाय! मी का लावू, सायब? माझी मानसं हायती ती."

बस्स, एवढंच. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळपासून तेच. मी समजावलं, आवाज चढवला, चहा दिला. महिला अंमलदाराने तिला मुलाबाळांची आठवण करून दिली. ती डोळे पुसायची आणि त्या एका प्रश्नाला तोंड मिटून बसायची. इकडे नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "आमच्या आईला जाळायला निघालेली बाई अजून मोकळी कशी?" वरिष्ठांचा फोन आला, "अटक कधी दाखवताय?" अटकेचे कागद तयार झाले. फक्त माझी सही राहिली होती.

सही करताना हात अडला. नोकरीत मी शेकडो माणसं समोर बसवली. खोटं बोलणारा माणूस सगळ्याच उत्तरांत थोडं थोडं पाणी घालतो. वेळ बदलतो, जागा बदलतो, दुसऱ्याचं नाव घुसवतो. ही बाई स्वतःला अडकवणारी प्रत्येक गोष्ट धडधडीत खरी सांगत होती आणि एकाच जागी गप्प होत होती. गुन्हा लपवणारं माणूस असं वागत नाही. ही कोणाला तरी सांभाळत होती. पण कोणाला?

मी तिला ठाण्यातच बसवून शाळेत गेलो.

वर्गातले बाक हलवून पलंग मांडले होते. दुसरी सेविका, गावातलीच एक तरुण सिस्टर, एका आजीला पेज भरवत होती. मी जवळ गेलो आणि बोलता बोलता पलंगाच्या कडेला हात टेकला. आजी एकदम ओरडल्या, "अहो, गाठ सोडू नका माझी!"

"कसली गाठ, आजी?"

"ही काय. खालच्या गोधडीला. ओढायची गाठ." त्यांच्या वाकड्या झालेल्या चेहऱ्यावर हसू आलं. "मी तिसरी. माझ्यानंतर कोणी नाही."

मी वाकून बघितलं. गादीवर गोधडी आणि गोधडीच्या डोक्याकडच्या दोन्ही टोकांना मुठीत मावेल अशी गाठ. पुढच्या पलंगावर तीच गाठ. त्यापुढे तीच! सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. खिडकीपाशी शिट्टीवाले आजोबा खुर्चीत बसले होते, ते आजींकडे डोळे वटारून बघत होते. मी सरळ त्यांच्याकडे गेलो.

मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "मावशी गावाहून परत कधी येणार?"

"गावाहून?"

"व्यवस्थापक म्हणाले, ती चार दिवस गावाला गेली."

"गावाला नाही गेली. माझ्या ठाण्यात बसलीय. आग लावल्याचा संशय आहे तिच्यावर."

काय भडकले म्हणून सांगू! खुर्चीच्या हातावर त्यांनी अशी थाप मारली की सगळा वर्ग दचकला. "तिला पकडलंय? अक्कल आहे का तुम्हाला? जिने अकरा जीव काढले तिला? चला, मला घेऊन चला तुमच्या ठाण्यात. बेड्या मला घाला!"

मग सगळं बाहेर पडलं. आजोबांची सारी नोकरी एका रासायनिक कारखान्याच्या सुरक्षा विभागात गेली होती. मधुमेहाने पाय गेले आणि ते इथे आले. आल्या आल्या त्यांनी पहिला प्रश्न केला होता, आग लागली तर आम्ही बाहेर कसे पडणार? व्यवस्थापक म्हणाले, "आजोबा, अभद्र बोलू नका." आजोबांनी दोन्ही बायकांना हाताशी धरलं आणि सराव सुरू केला. चालणारे आधी, कारण ते वाट अडवतात. मग चाकाच्या खुर्च्या. झोपलेल्या शेवटी, कारण त्यांना ओढायला दोघी मोकळ्या हव्यात. सरावाची खूण एक लांब शिट्टी. खरी आग असली तर तीन-तीन.

"पहिल्याच सरावात व्यवस्थापकांनी पकडलं," आजोबा म्हणाले. "आजारी माणसं फरफटताय, कोणी पडलं तर नातेवाईक मला सोडतील का, पुन्हा दिसलं तर तुमची सोय दुसरीकडे बघा, म्हणाले." आवाज खाली आला. "मला दुसरीकडे कुठे आहे हो? म्हणून मावशीने आणि सिस्टरने शपथ घेतली, कोणाला सांगायचं नाही. व्यवस्थापक मंगळवारी दुपारी बाजाराला जातात. आम्ही मंगळवारी तीन वाजता पळून जातो."

"आणि झड?"

"दर मे महिन्यात माझं ह्याच्यावरून डोकं फिरतं. वर्षभर रॅम्प मोकळा, आणि पावसाळा आला की त्याच्यावर लाकडं रचून वर झड! त्या दिवशी तीनला दार उघडलं तर समोर भिंत. मी म्हटलं, मावशी, काप. सात जण बाहेर गेले, आठवा मी उतारावर होतो आणि पुढून धूर आला. आत तिघी होत्या. मी फक्त शिट्टी वाजवू शकत होतो. सिस्टरला घेऊन ती तीनदा आत गेली, साहेब. तीनदा! शेवटच्या वेळी हात भाजला तिचा."

तो फोड मी पुरावा म्हणून लिहिला होता. मला माझीच लाज वाटली.

पण ऐकणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. सेविकेला वाचवायला म्हाताऱ्याने गोष्ट रचली, असं उद्या कोणीही म्हटलं असतं. मी तसाच जीप काढून नारळ पाडणाऱ्याच्या वाडीत गेलो. तो आजोबांना कधी भेटला नव्हता. मी एकच प्रश्न विचारला, "त्या दिवशी तू ऐकलंस काय?"

तो विचारात पडला. "शिट्टी, सायब. लांब, एक. मंग ती मानसं येया लागली. मला वाटलं, खेळ चाललाय म्हाताऱ्यांचा. मंग धूर आला नि शिट्टी पिसाळल्यागत, तीन-तीन, तीन-तीन."

"अरे, मग हे काल का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं, काय बघितलं. बघितलं त्ये सांगितलं."

मी त्याला मिठीच मारली. बिचारा घाबरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत प्रात्यक्षिक ठेवलं. पंच आले, व्हिडिओ काढायला माणूस आला, व्यवस्थापक आले, नारळ पाडणाराही आला. मावशीला मी माझ्या शेजारी बसवून जीपमधून आणलं. तिला बघून आज्या रडायला लागल्या तर आजोबा ओरडले, "रडणं नंतर! आधी काम!"

प्रश्न होता पलंगावर कोणाला झोपवायचं. आजीला उगाच त्रास नको. आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वजन किती?"

"ब्याण्णव."

"उत्तम. झोपा."

माझे हवालदार तोंड फिरवून हसत होते. मी पट्टा काढला, बूट काढले आणि पलंगावर आडवा झालो. "आता हातपाय हलवायचे नाहीत," आजोबांनी बजावलं. "तुम्हाला अर्धांगवायू झालाय."

शिट्टी वाजली. मावशी आणि सिस्टर दोन्ही बाजूंना आल्या, गोधडी माझ्याभोवती दुमडली, एकीने गुडघा जमिनीला टेकवला, आणि मी गादीवरून त्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून जमिनीवर अलगद उतरलो. मग डोक्याकडच्या गाठी धरून दोघी मागे मागे निघाल्या. छत सरकलं, दाराची चौकट सरकली. शाळेच्या रॅम्पवर त्यांनी मला गर्रकन फिरवून पाय पुढे केले आणि एकदम आकाश! त्या एवढ्याशा प्रवासात मला एक गोष्ट हाडांपर्यंत कळली. हातपाय हलवायचे नाहीत असं ठरवून आडवं पडलं की माणसाचा सगळा जीव दुसऱ्याच्या मुठीत असतो.

"अडतीस सेकंद!" आजोबा ओरडले. "आज्या ह्यांच्या निम्म्याने आहेत!"

"अश्शीच!" नारळ पाडणारा नाचायलाच लागला. "अश्शीच वढत व्हत्या!"

सगळी शाळा टाळ्या पिटत होती. व्यवस्थापक तेवढे खाली पायरीवर बसले होते. विद्युत निरीक्षकांचा अहवाल नंतर आला, दिवाणखान्यातल्या इन्व्हर्टरच्या वायरिंगमधून आग लागली असा. पण व्यवस्थापकांना अहवालाची गरज उरली नव्हती. पुढचं दार आगीत, मागच्या दाराला झड. ते उठले, मावशीसमोर गेले आणि म्हणाले, "मावशी, ती झड मी बांधली होती." ती म्हणाली, "र्‍हाऊद्या, भाऊ. समद्यांच्याच घराला हाय ती." आणि आजोबांना व्यवस्थापकांनी तिथल्या तिथे सांगितलं, मंगळवारी तीनला मी पण असणार.

अटकेचे कागद मी माझ्या हाताने रद्द केले. तपासाबद्दल मला एक प्रशस्तिपत्रही मिळालं, ते कुठेतरी पडलं असेल. मी शिकलो ते वेगळंच. तोवर कुठल्याही इमारतीत शिरलो की मी बघायचो, इथून माणूस पळून कुठे जाईल. ज्याला पळताच येत नाही त्याचं काय, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला पडलाच नव्हता. रॅम्प बांधला की आपलं काम संपलं असं आपण धरतो. पुढे त्यावर लाकडं रचतो, सायकली लावतो, कुंड्या मांडतो, आणि वाईट हेतू त्यात कोणाचाच नसतो.

त्या दिवशी निघताना मी मावशीला म्हटलं, "दोन दिवस तुम्हाला उगाच बसवून ठेवलं. काही म्हणायचं असेल तर म्हणा. मी ऐकून घेईन."

ती पदराचं टोक चाळवत उभी राहिली. "रागवनार न्हाय ना, सायब?"

"नाही."

"तुमच्या ठाण्यात मी बसले व्हते तिथनं कोठडी दिसती. आत तीन मानसं हायती. तिची चावी कुनापाशी असती?"

"कोठडीच्या पहाऱ्यावरच्या हवालदाराकडे."

"त्यो काल दुपारी न्हवता," ती म्हणाली. "मी बघत व्हते."

जीप थेट ठाण्यात नेली. ठाणे अंमलदारांना विचारलं, "कोठडीची चावी?" ते इकडेतिकडे बघायला लागले. पहाऱ्यावरच्या हवालदाराला आजही सकाळीच मांडव्याच्या जेट्टीवर बंदोबस्ताला पाठवलं होतं. पाठवलं होतं मीच. जुडगा त्याच्या खिशात. दुसरी चावी कपाटात होती, आणि कपाटाची चावी त्याच जुडग्यात होती.

वायरलेसवरून निरोप दिला. "निघालोय साहेब," तो म्हणाला. त्याला यायला पन्नास मिनिटं लागली. ती पन्नास मिनिटं मी कोठडीच्या गजांसमोर उभा होतो. आतल्या तिघांतला एक जण उठून जवळ आला आणि आशेने म्हणाला, "सोडताय का, साहेब?"

"नाही," मी म्हटलं. "सोडता येतंय का, ते बघतोय."